बॉयकॉट : एका आडनावाचं क्रियापद झालं त्याची गोष्ट

रेडिओला कान लावून क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकणाऱ्या पिढीला ‘बॉयकॉट’ हे नाव पहिल्यांदा भेटलं ते इंग्लंडच्या सलामीच्या फलंदाजाचं म्हणून. जेफ्री बॉयकॉट. एकदा खेळपट्टीवर उभा राहिला की दिवस मावळेपर्यंत हलायचं नाव नाही. हाच बॉयकॉट १९७४ ते १९७७ अशी तीन वर्षं आपणहून इंग्लंडच्या कसोटी संघाबाहेर राहिला होता. बॉयकॉटनंच बॉयकॉट केला, असं म्हणण्याचा मोह तेव्हा कितीजणांना झाला असेल! पण आज ज्या बॉयकॉटविषयी बोलायचं आहे तो याच्या शंभरेक वर्षं आधीचा. त्याला शौक होता घोड्यांचा. आणि त्याचं आडनाव, त्याच्या इच्छेविरुद्ध, इंग्रजी भाषेतलं एक क्रियापद होऊन बसलं.

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपल्याला एक युक्ती शिकवलेली असते. क्रियापद सापडलं की त्याला प्रश्न विचारायचा : कोण? म्हणजे कर्ता मिळतो. मग विचारायचं : कोणाला? म्हणजे कर्म मिळतं. ‘बॉयकॉट’ या क्रियापदाला हे दोन प्रश्न विचारत गेलं तर एक मोठा इतिहास उलगडतो, आणि तो आयर्लंडच्या एका खेड्यापासून निघून आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांपर्यंत येऊन पोचतो.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाचा परगणा आहे. अजमेरचं मेयो कॉलेज ज्या व्हाइसरॉयच्या नावानं आहे त्याची सरदारकी याच परगण्याच्या नावाची. जमीन खडकाळ, पाऊस अखंड, आणि गरिबाच्या ताटात मुख्यतः बटाटा. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत देशातली सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली. तितकीच देश सोडून गेली. जमीन मात्र जिथल्या तिथं राहिली, बड्या जमीनदारांच्या हातात. यांतले कितीतरी जमीनदार आपल्या गावच्या जमिनीवर राहतही नसत. त्यांचा कारभार पाहायला एजंट असे. आपल्याकडच्या खोताच्या किंवा जहागिरीच्या कारभाऱ्याच्या जवळपासचा हा माणूस. कुळांकडून खंड वसूल करायचा, थकला तर नोटीस काढायची आणि नोटिशीनं भागलं नाही तर पोलिस आणून घर रिकामं करून घ्यायचं, हे त्याचं काम.

याच मेयोतल्या एका कुळाचा मुलगा मायकेल डेव्हिट. दुष्काळ सरत आला असताना, तो चार वर्षांचा असताना, त्याच्या घरच्यांना जमिनीवरून हाकललं गेलं. कुटुंब इंग्लंडात लँकशरला गेलं. तिथल्या कापूस गिरणीत अकराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याचा उजवा हात गेला. या एका हाताच्या माणसानं १८७९ साली आयर्लंडात ‘लँड लीग’ ही शेतकऱ्यांची संघटना उभी केली. त्या वर्षीही पीक बुडालं होतं आणि पुन्हा १८४५ येतं की काय या धास्तीनं लोक जमू लागले होते. लीगचं अध्यक्षपद घेतलं चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी. ते स्वतः जमीनदार, धर्मानं प्रॉटेस्टंट, पार्लमेंटचे सभासद. म्हणजे ज्यांच्यासाठी लढायचं त्यांच्यातले कोणत्याच अर्थानं नव्हेत. पण लोकांनी त्यांना आपलं मानलं.

आता आपला बॉयकॉट. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२चा, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातला. वुलिचच्या लष्करी विद्यालयात गेला, पण परीक्षेत नापास झाला. त्या काळी पैसे मोजून लष्करात अधिकारपद विकत मिळे. घरच्यांनी ४५० पौंड मोजून त्याला ३९व्या पायदळ पलटणीत घातलं. ही पलटण म्हणजे हिंदुस्थानात आलेली इंग्लंडच्या राजाची पहिली पलटण. ती फुशारकी तिच्या ब्रीदवाक्यातच आहे. बॉयकॉटच्या वेळी मात्र ती आयर्लंडात होती, त्यामुळे तो तिथं पोचला आणि तिथलाच झाला. दोनेक वर्षांत त्यानं लष्कर सोडलं. कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत तो कधी चढलाच नव्हता. गावानं दिलेली ‘कॅप्टन’ ही पदवी, आपल्याकडे एखाद्या निवृत्त हवालदाराला सुभेदारसाहेब म्हणतात तशातली. पुढं लॉख मास्क नावाच्या सरोवराकाठी तो लॉर्ड अर्न या जमीनदाराचा एजंट झाला. पंधराशे एकरांची देखरेख, अडतीस कुळं.

तो राक्षस होता का? तसं म्हणवत नाही. त्या काळच्या आयर्लंडात त्याच्याहून क्रूर एजंट होते. पण तो किरकोळ गोष्टींत खाष्ट होता. कुणाच्या कोंबड्या त्याच्या आवारात शिरल्या की दंड. कुणाचं जनावर कुंपण ओलांडून आलं की दंड. मोठ्या जुलमापेक्षा असले रोजचे चिमटे माणसं जास्त लक्षात ठेवतात.

१८८०च्या उन्हाळ्यात कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. लॉर्ड अर्ननं दहा टक्क्यांवर जायला नकार दिला, आणि बॉयकॉटनं अकरा कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या.

याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी, एनिस या गावी पार्नेल यांचं भाषण झालं. शेजाऱ्याला हुसकून रिकामी केलेली जमीन जो लोभानं घेईल त्याचं काय करायचं, असा प्रश्न त्यांनी सभेला विचारला. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला! हे पोकळ ओरडणं नव्हतं, कारण आयर्लंडात जमिनीवरून खून पडत होते. पार्नेल म्हणाले, याहून चांगला, ख्रिस्ती माणसाला शोभेल असा मार्ग आहे. तो माणूस रस्त्यात दिसला तर तोंड फिरवा, दुकानात, बाजारात, जत्रेत, एवढंच काय देवळातही त्याला एकटं पाडा. जुन्या काळी महारोग्याला ठेवत तसं त्याला ठेवा. या शेवटच्या उपमेकडे जरा लक्ष असू द्या. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

तीनच दिवसांनी नोटिसा बजावायला कोर्टाचा माणूस सतरा शिपाई घेऊन लॉख मास्कला आला. तीन नोटिसा कशाबशा लागल्या. पुढच्या घरापाशी बायका जमल्या आणि त्यांनी दगड, चिखल, शेण जे हाती लागेल त्याचा मारा करून त्याला पळवून लावलं. दुसऱ्या दिवशी लोकांचा जमाव बॉयकॉटच्या आवारात गेला आणि त्याच्या घरातल्या आणि शेतावरच्या सगळ्यांना त्यानं काम सोडायला लावलं. मग एकेक दार मिटत गेलं. लोहार घोड्याला नाल ठोकेना, कपडे धुणारी कपडे नेईना, टपाल आणणारा पोरगा येईना. बॉलिनरोबच्या बाजारात दुकानदार पाव देईनात. कापणीला आलेलं पीक उभं, आणि कापायला माणूस नाही. बॉयकॉट, त्याची बायको आणि घरातली भाचवंडं मिळून गुरं सांभाळू लागली. साहेब बाहेर निघाला की मागंपुढं पोलिस. कुणी त्याला हात लावत नव्हतं. कुणी त्याच्याशी बोलतही नव्हतं.

ही यादी आपल्याला अनोळखी वाटत नाही. लोहार, परीट, वाणी. आपल्या बलुतेदारीच्या गावगाड्यात एखाद्याला एकटं पाडायचं तर नेमकं हेच करत. न्हावी हजामत करणार नाही, परीट कपडे घेणार नाही, विस्तव कुणी देणार नाही, लग्नाला कुणी येणार नाही आणि मयताला खांदा द्यायलाही कुणी नाही. आपण याला ‘वाळीत टाकणं’ म्हणतो. बॉयकॉटचा जन्म होण्याच्या कितीतरी शतकं आधी हे आपल्याकडे होतं.

बॉयकॉटनं लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. ते १८ ऑक्टोबरला छापून आलं आणि आडरानातल्या एका एजंटाची तक्रार साऱ्या इंग्लंडची झाली. अल्स्टरमधल्या राजनिष्ठ प्रॉटेस्टंटांनी ठरवलं की आपण जाऊन याचं पीक काढून देऊ. पन्नास स्वयंसेवक निघाले आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारनं सुमारे हजारभर सैनिक आणि पोलिस पाठवले. स्टेशनवर उतरल्यावर त्यांना एकही गाडीवाला मिळाला नाही. नोव्हेंबरच्या पावसात चिखल तुडवत त्यांना चालत जावं लागलं. रस्ते ओस. गावच्या धर्मगुरूंनी, फादर जॉन ओमॅली यांनी, लोकांना घरात राहायला बजावलं होतं. वाटेत एकच म्हातारी भेटली तेव्हा फादर तिच्यावर लटकेच खेकसले, की राणीसरकारच्या फौजेला अशी धाकदपटशा करतेस होय, अशी आठवण सांगतात.

दोन आठवडे बटाटे, सलगम, धान्य काढणं चाललं. पीक सारं मिळून पाचशे पौंडांचं, खर्च दहा हजार पौंडांच्या घरात. एकेका सलगमाला सरकारला एकेक शिलिंग पडला, अशी कोटी तेव्हा झाली. शिवाय तळ ठोकून बसलेल्या फौजेनं आवारातली झाडं तोडून शेकोट्या केल्या. पीक निघालं आणि त्याबरोबर बॉयकॉटही निघाला. त्याला न्यायला गाडीवान मिळाला नाही म्हणून लष्कराच्या रुग्णवाहिकेतून जावं लागलं. डब्लिनच्या हॉटेलात उतरला तर हॉटेलमालकाला धमकीचं पत्र आलं, आणि त्यानं पाहुण्याला हात जोडले. १ डिसेंबरला बॉयकॉट इंग्लंडला निघून गेला.

शब्दाचा जन्म यादरम्यानच झाला. जेम्स रेडपाथ नावाचे अमेरिकन पत्रकार तेव्हा मेयोत हिंडत होते. हे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत मुरलेले गृहस्थ. त्यांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीप्रमाणे, ते फादर ओमॅलींकडे जेवायला बसले होते आणि घास पुढं जाईना. फादरनी विचारलं, काय झालं? रेडपाथ म्हणाले, एक शब्द अडलाय. एजंटाला किंवा जमीन लाटणाऱ्याला लोक असं एकटं पाडतात, त्याला ‘ऑस्ट्रसिझम’ म्हणावं तर शेतकऱ्यांना कळणार नाही. फादरनी कपाळावर बोटं वाजवली आणि म्हणाले, ‘त्याला बॉयकॉट करणं’ म्हटलं तर?

इंग्रजीचं एक बरं आहे. नामाला काहीही न चिकटवता ते सरळ क्रियापद म्हणून उभं करता येतं. आपल्याला तिथं ‘करणं’, ‘घालणं’, ‘टाकणं’ असा टेकू लागतो. ऑक्टोबरात अमेरिकन वृत्तपत्रात गेलेला हा शब्द २० नोव्हेंबरला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आला, तोही बॉयकॉटच्या गावासंबंधात नव्हे, दुसऱ्याच एका गावच्या बातमीत. म्हणजे दोन महिन्यांत आडनाव माणसापासून सुटलं. सुरुवातीला त्याचं पहिलं अक्षर मोठं असे, भोवती अवतरणचिन्हं असत. मग चिन्हं गळली, अक्षर लहान झालं. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, सगळ्यांनी तो घेतला. ज्या भाषा एकमेकींचे शब्द घेताना नाकं मुरडतात त्यांनीसुद्धा. गरज किती होती ते यावरून कळतं. कारण कृती काही नवी नव्हती. अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यांवर नाव लिहून माणूस हद्दपार करत. इंग्लंडात १७९१ पासून हजारो घरांनी गुलामांच्या श्रमाची साखर वर्ज्य केली होती. पण त्याला नाव नव्हतं, आणि नाव नसलेली युक्ती दुसऱ्या गावाला शिकवता येत नाही.

पुढच्याच वर्षी, १८८१ साली, ग्लॅडस्टनच्या सरकारला आयर्लंडात वाजवी खंडाचा आणि कुळाला संरक्षण देणारा कायदा करावा लागला. १९०३च्या कायद्यानं कुळांना जमिनी विकत घ्यायला सरकारी कर्ज मिळालं. हे सारं एका शब्दानं झालं नाही, हे उघडच आहे. पण त्या शब्दानं सांगितलेली रीत गावोगाव पोचली होती. या सगळ्यात कर्ता होता गरीब, कर्म होता बलवान. क्रियापद जन्मलं ते असं.

आपल्याकडे ते आलं १९०५ साली. कर्झननं बंगालची फाळणी जाहीर केली आणि ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत विलायती मालावर बॉयकॉटचा ठराव झाला. ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली आणि त्यापायी फर्ग्युसनच्या वसतिगृहातून विनायक दामोदर सावरकर नावाच्या विद्यार्थ्याला दंड होऊन बाहेर पडावं लागलं. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत तिसरी जागा बॉयकॉटची. आयर्लंडवर आपल्या पुढाऱ्यांची नजर होतीच. पुढं ‘होमरूल’ हा शब्दही तिथूनच आला.

पण ‘बॉयकॉट’ला मराठी शब्द शोधायला कुणाला घास अडवून बसावं लागलं नाही. ‘बहिष्कार’ तयारच होता. बाहेर करणं, म्हणजे जातीबाहेर, पंगतीबाहेर, धर्मकृत्याबाहेर करणं. १९०५ साली हा शब्द ‘केसरी’च्या वाचकाला नवा नव्हता, नवं होतं ते त्याचं कर्म. जातभाईच्या जागी मँचेस्टरचं कापड आलं होतं.

आणि खुद्द टिळकांना तो जुन्या अर्थानं चांगलाच ठाऊक होता. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. त्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभं राहिलं. रानडे, टिळक, सगळे त्यात सापडले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्ताची भाषा झाली, धर्मकृत्याला भटजी मिळण्याची पंचाईत झाली. एका कपभर चहापायी! पंधरा वर्षांनी त्याच माणसानं बहिष्कार हे सरकारविरुद्धचं राजकीय हत्यार म्हणून हाती घेतलं, याची मला गंमत वाटते आणि कौतुकही. ज्या दांडक्याचा फटका खाल्ला त्याची पकड कुठं असते हे त्यांना कळलेलं होतं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना मात्र हा शब्द टोचत होता. डिसेंबर १९०५च्या बनारस काँग्रेसचे ते अध्यक्ष. त्यांनी बंगालचा राग समजून घेतला, पण शब्दाविषयी सावध केलं. बॉयकॉट म्हटलं की दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी आधी मनात येते, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा स्वदेशी म्हणावं. गोखल्यांना मवाळ म्हणून बाजूला सारण्याची आपल्याला सवय आहे, पण इथं त्यांचा कान तीक्ष्ण होता. पुढं असहकाराच्या काळात गांधीजींनाही सांगावं लागलं, की सरकारची बाजू घेणाऱ्याचं पाणी आणि वैद्य तोडणं हा माणुसकीला सोडून असलेला बहिष्कार आहे.

कारण क्रियापदाला कर्ता कोण असावा याची अट नसते. पार्नेल यांची ती महारोग्याची उपमा आठवा. महारोग्याला एकटं पाडणारे लोक काही गरीब कुळं नव्हेत. ते सारं गाव असतं आणि महारोगी त्या गावातला सर्वांत दुबळा माणूस असतो. आयर्लंडातच १९०४ साली लिमरिक शहरात एका धर्मगुरूच्या प्रवचनांवरून तिथल्या मूठभर ज्यू कुटुंबांवर बहिष्कार पडला. फेरीवर पोट भरणारी माणसं ती, कित्येकांना गाव सोडावं लागलं. मेयोतला तोच शब्द, तोच देश, मध्ये फक्त चोवीस वर्षं. आणि १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत ज्यूंच्या दुकानांसमोर नाझी स्वयंसेवक उभे राहिले तेव्हा त्या कृतीलाही नाव हेच होतं, जर्मन वर्णांत लिहिलेलं. १९५५ साली अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्या नागरिकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाऊल न ठेवता शब्द पुन्हा सुलटा केला. पण त्या लढ्याचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांनाही शब्दाची शंका आली होती. काळ्यांना नमवायला गोऱ्यांच्या संघटना हीच रीत वापरत होत्या, हे ते पाहत होते.

लहानपणी सुट्टीत आम्ही आजोळी कोकणात जायचो. गावात एक घर वाळीत होतं. त्या घरातली बाई विहिरीवर सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर यायची. वाण्याकडे तिची वेळ वेगळी. मला आठवतो तो शिमगा. ग्रामदेवतेची पालखी घरोघर नाचवत नेतात, प्रत्येक दारात थांबते, सुवासिनी ओटी भरतात. त्या घराच्या अंगणात सडा घातलेला होता, रांगोळी होती, बाई ताट घेऊन उभी होती. ढोल वाजतच होते. पालखी थांबली नाही. मी आजीला विचारलं, का गं? आजी म्हणाली, ‘ते घर वाळीत पडलंय.’

पडलंय. जसा पाऊस पडतो, अंधार पडतो. ‘कोण?’ या प्रश्नाला इथं जागाच ठेवलेली नाही. आपल्या भाषेनं टाकणाऱ्याला किती सफाईनं वाक्याबाहेर काढलंय, हे मला फार उशिरा उमगलं.

हा प्रश्न वाक्यात परत घातला तो डॉ. आंबेडकरांनी. त्यांच्या संस्थेचं नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’, १९२४ची. पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’, १९२७चं. ज्या काळात बहिष्कार हा देशभक्तीचा शब्द होता त्या काळात त्यांनी त्याचं कर्म होऊन राहिलेल्यांची बाजू मांडली. मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. १९३०च्या त्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं वर्णन आहे. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं, जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे किंवा दागिने घातले, जानवं घातलं, नवऱ्या मुलाला घोड्यावर बसवून रस्त्यातून वरात काढली, एवढ्या कारणांनी अस्पृश्यांची गावात मजुरी बंद, दुकान बंद, पाऊलवाट बंद. उघड मारहाणीपेक्षा लोकांना याची धास्ती जास्त, असं समितीला आढळलं. मारहाणीची फिर्याद करता येते. तुमच्याशी न बोलणाऱ्यावर फिर्याद काय करणार?

त्याच वर्षी लंडनला गोलमेज परिषद भरली. आंबेडकर आणि मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन यांनी तिथं दलितांच्या संरक्षणाचा मसुदा दिला. त्यात बॉयकॉट करणं हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती आणि गुन्ह्याची व्याख्याही. ती त्यांनी घेतली ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून. हा कायदा इंग्रज सरकारनं केला होता तो तिथल्या राष्ट्रीय चळवळीचे बहिष्कार मोडायला! दडपशाहीच्या अवजारातून त्यांनी दुबळ्याच्या कामाचा भाग नेमका काढून घेतला. व्याख्येची सुरुवात होते ती कर्त्यापासून : जी व्यक्ती दुसऱ्याला घर किंवा जमीन भाड्यानं द्यायला, त्याच्याशी व्यवहार करायला, त्याला कामावर ठेवायला किंवा त्याचं काम करायला नकार देते, रीतीप्रमाणे ठेवायचे संबंध तोडते, त्या व्यक्तीनं बॉयकॉट केला असं मानावं. व्यक्तीनं. गावानं नव्हे, रूढीनं नव्हे. १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनातही त्यांनी हे कलम पुन्हा घातलं.

ते कायद्यात उतरायला बराच काळ गेला. मुंबई राज्यानं १९४९ साली जातीबहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ साली दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. मग जातपंचायतींच्या आणि गावकीच्या छळाच्या तक्रारी, विशेषतः २०१३ नंतर, एकामागून एक पुढं येत गेल्या. अखेर महाराष्ट्र विधिमंडळानं एप्रिल २०१६मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एकमतानं मंजूर केला. देशातला अशा स्वरूपाचा हा पहिला. तो जुलै २०१७पासून अमलात आला. दोषी ठरलेल्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बॉयकॉटचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. १८८१ साली तो अमेरिकेला गेला तेव्हा न्यूयॉर्कला त्यानं आपलं नाव नोंदवलं ते चार्ल्स कनिंगहॅम एवढंच, आडनाव गाळून. नंतर तो लॉख मास्कला परतला, काही वर्षं राहिला आणि १८८६मध्ये तिथलं सारं विकून इंग्लंडात सफोकला पुन्हा एजंटाच्याच नोकरीवर गेला. सुट्टी घालवायला मात्र आयर्लंडलाच जायचा. १८९७ साली वारला. बलवान माणसाला वाळीतून बाहेर पडायला दुसरा गाव असतो, दुसरी नोकरी असते.

आमच्या आजोळच्या त्या बाईला दुसरा गाव नव्हता. पुढं खूप वर्षांनी मी मामाला विचारलं, की त्या घराला वाळीत टाकलं कुणी होतं? मामा म्हणाला, ‘गावकीनं.’ मी विचारलं, गावकी म्हणजे कोण? तो बराच वेळ गप्प बसला. त्या शिमग्याला पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा त्याचाच होता.